गुडघ्याचा बंध आणि घाईचा निकाल

अस्थिरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेरील बाकावर बसलेल्या मंडळींच्या मांडीवर जो मोठा पांढरा लिफाफा असतो, त्यातील एमआरआयच्या फिल्मकडे सहसा कोणी पाहत नाही. पाहिले जाते ते तिच्यासोबतच्या अहवालाकडे, आणि त्या अहवालाच्या अखेरीस ‘एसीएल : कम्प्लीट टेअर’ हे शब्द ठळक अक्षरांत आढळले, की ज्याचा गुडघा आहे त्याच्याहून त्याच्या घरची माणसे अधिक हादरतात. आत गेल्यावर पहिला प्रश्न आई विचारते, “डॉक्टर, ऑपरेशन करावंच लागेल का हो?” आणि डॉक्टरांनी उत्तराची सुरुवात करण्यापूर्वीच वडिलांचा दुसरा प्रश्न येतो, “किती दिवसांत करायला पाहिजे?” या दोन प्रश्नांच्या मध्ये आणखी एक प्रश्न दडलेला असतो, तो मात्र विचारायचा राहून जातो : शस्त्रक्रियेविना, नीट व्यायाम दिल्यावर, हा गुडघा कसा वागतो हे कोणी पाहिले आहे काय? प्रस्तुत लेखाचे प्रयोजन बव्हंशी या न विचारलेल्या प्रश्नापुरते आहे. एमआरआयचा अहवाल हा पुरावा खरा, आणि चांगला भक्कम पुरावा; पण त्यालाच हुकूमनामा समजून त्याच बैठकीत शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्याचा जो प्रघात आपल्याकडे पडला आहे, त्याला या विषयावरील अलीकडच्या संशोधनाचा पाठिंबा मिळत नाही; आणि लिगामेंट तुटले तरी ऑपरेशनची कधी गरजच नसते असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनाही तो मिळत नाही.

प्रथम या बंधाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे एकमेकांवर टेकतात तेथे, सांध्याच्या अगदी गाभ्यात, दोन अस्थिबंध एकमेकांना छेदून तिरपे जातात; त्यांतील पुढचा बंध नडगीच्या माथ्यावरून निघून वर, मागे आणि बाहेरच्या बाजूला मांडीच्या हाडाला जाऊन मिळतो. यालाच डॉक्टर मंडळी एसीएल म्हणतात आणि आपण सारे सरसकट ‘लिगामेंट’ म्हणून मोकळे होतो, वास्तविक गुडघ्यात लिगामेंटे अनेक असतात. लांबी सुमारे तीन सेंटिमीटर, रुंदी सुमारे एक. परंतु तरुण माणसाचा निरोगी बंध तुटण्यापूर्वी दोनशे किलोंच्या आसपास ताण सोसतो असे प्रयोगशाळेत मोजले गेले आहे. नडगीला पुढे घसरू न देणे आणि पाय जमिनीवर रोवून अंग वळविताना तिला आतल्या बाजूला पिळू न देणे, ही त्याची मुख्य कामगिरी. तिच्याखेरीज आणखी एक काम तो गुपचूप बजावीत असतो : त्याच्या तंतूंमध्ये ज्ञानतंतूंची टोके असतात, आणि सांधा या क्षणी कोणत्या कोनात आहे याची वर्दी ती मेंदूला देतात. सपाट रस्त्यावर सरळ चालणाऱ्या माणसाला या बंधाची फारशी गरज भासत नाही. गरज भासते ती धावता धावता थबकून वळणाऱ्याला, उडी मारून एका पायावर उतरणाऱ्याला. पुढे सांगावयाच्या सगळ्या विचाराचे बीज या एका भेदात आहे.

हा बंध तुटतो तो बहुधा कोणी धक्का दिल्यामुळे नव्हे. कबड्डीचा चढाईपटू कोपरारक्षकाला हुलकावणी देण्यासाठी पाय रोवतो, धड एका दिशेला आणि गुडघा दुसऱ्या दिशेला जातो, आणि आतून ‘टक्’ असा आवाज झाल्याचे पुढे कित्येक जण सांगतात. फुटबॉल आणि बॅडमिंटन यांतील कथाही याच साच्याच्या. मुलींमध्ये तर त्याच खेळात हे प्रमाण मुलांच्या दुपटीहून अधिक आढळते. आपल्याकडे या यादीत दुचाकीचे नाव खेळांच्या बरोबरीने घालावे लागते, कारण पावसाळ्यातल्या निसरड्या रस्त्यावर गाडी आडवी होताना पाय खाली टेकविण्याची जी उपजत घाई होते, तीत पुष्कळ गुडघे पिळले जातात. काही तासांतच सांध्यात रक्त साचून गुडघा टरारून सुजतो. घरची मंडळी त्याला ‘गुडघ्यात पाणी झालं’ म्हणतात. मग बर्फ, क्रेप बँडेज, कुठे तेलाचे मालीश, कुठे हाडवैद्याची घट्ट पट्टी. दोनतीन आठवड्यांनी सूज ओसरते, चालणे सुधारते, आणि ‘साधी लचक होती’ असा निर्वाळा देऊन माणूस कामाला लागतो. एखाद्या दिवशी जिन्याच्या वळणावर किंवा बसमधून उतरताना नडगी अचानक पुढे घसरते आणि तो खाली बसतो. ‘गुडघा सटकतो’, ‘गुडघा दगा देतो’ ही रुग्णांची तक्रार या दुखापतीचे इतके अचूक वर्णन करते, की अनुभवी डॉक्टर ती ऐकल्यावर फिल्म मागविण्याआधीच काय ते ओळखतो.

ओळखल्यावर तो खात्री करतो ती हातांनी. रुग्णाला पाठीवर निजवून गुडघा वीस-तीस अंश वाकवायचा, एका हाताने मांडी घट्ट धरायची, दुसऱ्या हाताने नडगीचा माथा पकडून तो हलकेच पण ठामपणे पुढे ओढायचा. निरोगी गुडघ्यात नडगी किंचित पुढे येते आणि कशावर तरी थडकून थांबते. बंध तुटलेला असला तर ती येतच राहते, थांबण्याचा तो कठीण ठोका हाताला लागत नाही. फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते आणि तिचे वर्णन १९७६ साली जोसेफ टॉर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. बिनखर्चाची, दहा सेकंदांची ही तपासणी, पण ती करताना दुसरा, शाबूत गुडघाही तपासावा लागतो, कारण काही माणसांचे सांधे मुळातच सैल असतात. ज्या दवाखान्यात फिल्म पाहिली जाते आणि गुडघ्याला हात लावला जात नाही, त्या दवाखान्यातून दुसऱ्या मताच्या शोधात निघावे हे उत्तम.

तुटलेला बंध पुन्हा जोडला जात नाही, ही समजूत वैद्यकात फार जुनी आहे आणि तिला कारणही आहे. त्वचा कापली तर रक्त गोठते आणि त्या गोठलेल्या रक्ताच्या आधाराने जखम भरते. हा बंध मात्र सांध्यातील द्रवाने वेढलेला असल्यामुळे तुटलेल्या टोकांमध्ये गुठळी टिकत नाही, आणि टोके एकमेकांपासून दूर जातात. म्हणूनच शल्यविशारदांनी प्रारंभापासून ही टोके शिवण्याचा किंवा त्यांच्या जागी नवा बंध बसविण्याचा मार्ग धरला. इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉबसन यांनी १८९५ साली एका ४१ वर्षांच्या खाणकामगाराचे दोन्ही बंध टाक्यांनी शिवले आणि तो मनुष्य पुन्हा खाणीत कामाला जाऊ लागला. १९१७ साली ब्रिस्टलच्या हे ग्रोव्हज यांनी मांडीच्या बाहेरील बाजूचा चिवट पट्टा वापरून नवा बंध घडविला. तेव्हापासून साहित्य आणि हत्यारे बदलत गेली, १९८० नंतर दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया होऊ लागली, छेद लहान झाले, आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये पाय जखडण्याची रीत मागे पडली. आणि ही प्रगती इतकी डोळ्यांत भरणारी होती, की शस्त्रक्रिया झालेला गुडघा न झालेल्या गुडघ्यापेक्षा खरोखरच पुढे जातो काय, हे नीट तोलून पाहण्याचे काम पुष्कळ काळ तसेच राहिले.

ते काम स्वीडनमध्ये झाले, आणि त्याचा निकाल २०१० साली प्रसिद्ध झाला तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांमध्ये बरीच खळबळ उडाली. लुंड विद्यापीठाच्या रिचर्ड फ्रोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ३५ वयाचे, खेळते, नुकताच बंध तुटलेले १२१ जण घेतले. व्यावसायिक खेळाडू मात्र त्यांत नव्हते. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. ६२ जणांना व्यायामासोबत लवकर, म्हणजे दुखापतीपासून दहा आठवड्यांच्या आत, शस्त्रक्रिया. उरलेल्या ५९ जणांना देखरेखीखाली केवळ व्यायाम, आणि गुडघा दगा देतच राहिला तर पुढे शस्त्रक्रियेची मुभा. दोन वर्षांनी वेदना, हालचाल, खेळ आणि एकूण जीवन यांविषयीची प्रश्नावली भरून घेतली, तेव्हा शंभरपैकी गुणांतील सुधारणा पहिल्या गटात ३९.२ आणि दुसऱ्या गटात ३९.४ भरली, म्हणजे तफावत नाहीच म्हणा ना. व्यायामाच्या गटातील २३ जणांनी दोन वर्षांत आणि ३० जणांनी पाच वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतली. बाकीच्यांना ती लागलीच नाही. या आकड्यांचा अर्थ लावताना दोन्ही बाजूंनी गफलत होते. व्यायामाचे कैवारी निम्मे लोक वाचले याचाच गजर करतात. शस्त्रक्रियेचे कैवारी निम्म्यांना अखेर सुरी लागलीच ना, असा प्रतिप्रश्न करतात. मला यातील मर्म वेगळे वाटते : ज्यांना शस्त्रक्रिया उशिरा झाली त्यांना धरूनही त्या गटाचा एकूण निकाल पडला नाही, म्हणजे थांबल्याची शिक्षा त्या गटाला झाली नाही.

स्वीडनच्या या निकालावर सगळा मामला संपला असता तर गोष्ट सोपी झाली असती. नेदरलँड्समधील सहा रुग्णालयांत १६७ जणांवर असाच प्रयोग झाला आणि २०२१ साली त्याचा अहवाल आला. तेथे दोन वर्षांनी लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचे गुण थोडे अधिक भरले, परंतु तो फरक रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवण्याइतका आहे काय याविषयी संशोधकच साशंक राहिले, आणि तेथेही व्यायामाने सुरुवात केलेल्यांपैकी बरोबर निम्म्यांना शस्त्रक्रिया लागली नव्हती. ब्रिटनमधील २०२२ सालच्या प्रयोगाने मात्र वेगळी साक्ष दिली. तेथील ३१६ रुग्ण नुकतेच पडलेले नव्हते. दुखापत जुनी झालेली आणि गुडघा तरीही दगा देत असलेला, अशी ती मंडळी होती. त्यांच्यात दीड वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटाचे गुण ७३ आणि व्यायामाच्या गटाचे ६४.६ आले, हा फरक उघड होता. वरवर पाहता हे निकाल एकमेकांना खोटे पाडतात असे वाटेल. वस्तुतः ते निरनिराळ्या माणसांविषयी बोलत आहेत. ताजी दुखापत झालेल्या शंभर जणांत व्यायामाने निभावणारे आणि न निभावणारे एकत्र मिसळलेले असतात. वर्षभरानंतरही ज्यांचा गुडघा सटकतो, त्यांच्यातून निभावणारे केव्हाच आपल्या कामाला निघून गेलेले असतात. अशा उरलेल्यांना पुन्हा नुसत्या व्यायामावर झुलवत ठेवणे हा हट्ट झाला.

तर मग पहिल्या दिवशी कोणता गुडघा कोणत्या वर्गातला हे ओळखायचे कसे? सिनसिनाटीचे फ्रँक नॉईज यांनी १९८३ साली एक ढोबळ त्रैराशिक मांडले होते : एकतृतीयांश लोक बंधाशिवाय पूर्ववत खेळतात, एकतृतीयांश खेळ कमी करून निभावतात, आणि एकतृतीयांशांना शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. पुढे अमेरिका आणि नॉर्वे येथील संशोधकांनी पहिल्या काही आठवड्यांतच हे ओळखण्याच्या परीक्षा बसविल्या, आणि त्यांनाच असे आढळले, की सुरुवातीच्या परीक्षेत नापास ठरलेल्या आणि शस्त्रक्रिया न केलेल्या लोकांपैकी बहुसंख्य वर्षभराच्या व्यायामानंतर चांगले निभावत होते. म्हणजे भविष्य सांगणारी खात्रीची खूण फिल्ममध्येही नाही आणि पहिल्या तपासणीतही नाही. ती कळते व्यायामातूनच. व्यायामाला उपचार म्हणावे, त्याचबरोबर त्याला चौकशीही म्हणावे. आणि अशी चौकशी न करता दिलेला निकाल वरच्या न्यायालयात टिकू नये.

मात्र व्यायाम म्हणजे काय, याविषयी आपल्याकडे जो घोटाळा आहे त्याने या सुंदर युक्तिवादाची पुरती वाट लागते. झेरॉक्स काढून काढून पुसट झालेला एक कागद रुग्णाच्या हाती दिला जातो. त्यावर पाय सरळ उचलणाऱ्या, टाचेखाली उशी ठेवणाऱ्या आणि खुर्चीवर बसून गुडघा सरळ करणाऱ्या माणसाची तीन-चार रेखाचित्रे असतात, आणि ‘रोज दोनदा, प्रत्येकी दहा वेळा’ असा शेरा असतो. रुग्ण आठ दिवस ते करतो, कंटाळतो, आणि दोन महिन्यांनी ‘व्यायाम करून पाहिला, काही उपयोग झाला नाही’ अशी कैफियत देतो. स्वीडनमधल्या लोकांनी केला तो हा व्यायाम नव्हे. बंध तुटल्यावर मांडीचा पुढचा मोठा स्नायू पहिल्या काही आठवड्यांतच डोळ्यांना दिसेल इतका बारीक होतो. फीत घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या तर फरक सेंटिमीटरमध्ये भरतो. पहिले काम सूज उतरविणे आणि गुडघा शेवटच्या अंशापर्यंत सरळ करणे, कारण जो गुडघा पुरता सरळ होत नाही त्याची मांडी कधीच भरत नाही. मग सायकल, मग भिंतीला पाठ लावून अर्धे बसणे, मग पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणे, आणि या प्रत्येक टप्प्यावर वजन वाढवीत जाणे. हलत्या फळीवर तोल सांभाळणे, कारण बंधाबरोबर तुटलेल्या ज्ञानतंतूंचे काम आता स्नायूंना शिकवायचे असते. आणि सरतेशेवटी एका पायावर उड्या, थबकणे, दिशा बदलणे. दुखऱ्या पायाची ताकद आणि उडीची लांबी निरोगी पायाच्या किमान नव्वद टक्के व्हावी, हा सर्वसाधारण दंडक. याला आठवड्यातून दोनतीन वेळा फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली, आणि बाकीचे दिवस घरी, अशी तीन महिन्यांची किमान मुदत लागते. यात मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसणे हेही आलेच पाहिजे; परदेशी तक्त्यांत त्यांचा उल्लेख नसतो, पण ज्याला शेतात खुरपायचे आहे किंवा पंगतीत बसायचे आहे त्याच्या लेखी तीच खरी परीक्षा, आणि फिजिओथेरपिस्टला ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

काही गुडघ्यांना मात्र ही तीन महिन्यांची मुदत देता येत नाही, आणि ते कोणते हे प्रत्येक घराने जाणून घ्यावे. दोन हाडांच्या मध्ये ज्या अर्धचंद्राकार गाद्या असतात, त्यांतील एखादी फाटून तिची घडी सांध्यात अडकली तर गुडघा अर्धवट वाकलेल्या स्थितीत कुलपासारखा बसतो, कितीही प्रयत्न केला तरी सरळ होत नाही. अशी गादी लवकर टाके घालून वाचविता येते, उशीर झाला तर कापून टाकावी लागते. दोन किंवा अधिक बंध एकाच वेळी तुटले असतील, जसे दुचाकीच्या जोरदार अपघातात घडते, तर तेथेही थांबण्याचा सल्ला कोणी देणार नाही. आणि व्यायाम मनःपूर्वक चालू असतानाही गुडघा वारंवार दगा देत असेल तर आशेवर दिवस काढू नयेत, कारण नडगीच्या प्रत्येक घसरणीत गादी आणि कूर्चा चिरडली जाते, आणि ती पुन्हा येत नाही. उरला तो खेळाडूचा प्रश्न. ज्याची भाकरी किंवा ज्याचे सारे चित्त कबड्डीत, फुटबॉलमध्ये किंवा कुस्तीत गुंतलेले आहे, ज्याला पाय रोवून वळण्याचा व्यवहार रोज करायचा आहे, त्याने शस्त्रक्रियेकडे झुकणे रास्त होय. स्वीडनच्या प्रयोगातून व्यावसायिक खेळाडू वगळले होते हे तेथे विसरता कामा नये. बँकेत बसणारा, सकाळी फिरायला जाणारा, सुटीत पोहणारा चाळिशीचा गृहस्थ मात्र केवळ अहवालातल्या तीन शब्दांपायी स्वतःच्या मांडीची कंडरा कापून देतो, तेव्हा त्याची शिफारस कोणत्या आधाराने झाली हे विचारावेसे वाटते.

कंडरा कापून देतो, असे मी म्हटले ते शब्दशः. या शस्त्रक्रियेत तुटलेला बंध शिवत नाहीत; आपल्याकडे बहुधा मांडीच्या मागच्या स्नायूंच्या, क्वचित वाटीखालच्या किंवा घोट्यालगतच्या, कंडरेचा तुकडा काढून, तो दुमडून जाड करून, दोन्ही हाडांत भोके पाडून त्यांत बसवितात. यातील काळाचा हिशेब रुग्णाला सहसा समजावून सांगितला जात नाही. बसविलेली कंडरा पहिल्या दिवशी मजबूत असते. मग तिच्यातल्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या हळूहळू तीत शिरतात, आणि या अवधीत, दीड-दोन महिन्यांपासून पुढे, ती सर्वांत दुबळी असते. कोकणातल्या आंब्याच्या कलमाला पालवी फुटली म्हणून जोड पक्का झाला असे जाणता बागायतदार समजत नाही. येथेही सूज उतरलेली, जखम भरलेली, चालणे झकास, आणि नेमक्या याच सुमारास पोरगा मैदानाकडे वळतो. ओस्लो येथील रुग्णांच्या पाहणीत २०१६ साली असे दिसले, की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवावे तितक्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते. पंचविशीच्या आतले जे खेळाडू पुन्हा मैदानात उतरतात, त्यांच्यापैकी सुमारे चौघांत एकाचा तोच किंवा दुसऱ्या पायाचा बंध पुन्हा तुटतो. आणि अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०१४ साली काढलेला हिशेब असा : शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळात परततात, पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्के, आणि स्पर्धात्मक खेळात ५५ टक्के. ‘सहा महिन्यांत पहिल्यासारखा’ ही हमी ज्या कोणी दिली असेल, त्याने हे आकडे वाचलेले नाहीत.

शस्त्रक्रियेने म्हातारपणीचा संधिवात टळतो, असेही पुष्कळदा सांगितले जाते आणि या एका वाक्याने कित्येकांच्या सह्या संमतिपत्रावर होतात. दुर्दैवाने याला पुरावा नाही. बंध किंवा गादी तुटलेल्या गुडघ्यांपैकी सरासरी निम्म्यांत दहा ते वीस वर्षांनी संधिवाताची झीज आणि तीबरोबर वेदना आढळते, आणि बंध नवा बसविल्याने हे चुकते असे सिद्ध झालेले नाही. गादी शाबूत राहणे आणि वजन आटोक्यात असणे यांना येथे फार महत्त्व आहे.

दुसऱ्या बाजूला, तुटलेला बंध कधीच जुळत नाही ही जुनी समजूतही आता डळमळली आहे. स्वीडनच्या त्याच प्रयोगातील फिल्म पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा केवळ व्यायामावर राहिलेल्यांपैकी ५३ टक्क्यांच्या गुडघ्यात दोन वर्षांनी बंध अखंड झाल्याची चिन्हे दिसली. ऑस्ट्रेलियातील काही डॉक्टरांनी याच्या पुढचे पाऊल टाकून ८० रुग्णांचा गुडघा पहिले चार आठवडे काटकोनात बांधून ठेवला, मग टप्प्याटप्प्याने बारा आठवड्यांपर्यंत सैल केला, आणि तीन महिन्यांच्या फिल्ममध्ये नव्वद टक्क्यांत बंध जुळण्याची चिन्हे नोंदविली. बातमी आशादायक आहे. परंतु तुलनेला दुसरा गट नव्हता, फिल्मवर जुळलेला बंध मूळ बंधाइतका बळकट असतो असे म्हणता येत नाही, आणि पाय असा जखडल्याने रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका असतो. एखाद्या चलच्चित्रात पाहून घरी गुडघा बांधून बसण्याचा हा प्रकार नव्हे, एवढे स्पष्ट सांगून ठेवतो.

या सगळ्या शास्त्रीय विचाराला आपल्याकडे एक निराळाच अडथळा आहे, आणि तो पैशाचा आहे. बहुतेक विमापत्रे रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या फिजिओथेरपीचा खर्च सहसा रुग्णाच्याच खिशातून जातो. परिणामी काही लाखांच्या शस्त्रक्रियेसाठी मंजुरी मिळते आणि काही हजारांच्या व्यायामासाठी मिळत नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाने मग स्वस्त मार्ग कोणता समजावा? तालुक्याच्या गावी तर प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच दुर्मीळ, आणि जो आहे त्याच्याकडे जायला आठवड्यातून तीन वेळा एसटीचा प्रवास आणि तितक्या दिवसांची मजुरी. अशा रुग्णाला ‘व्यायाम करा’ हा सल्ला देऊन मोकळे होणे म्हणजे उपचार नाकारण्यासारखेच आहे. आरोग्यविम्याच्या नियमांत देखरेखीखालील पुनर्वसनाला शस्त्रक्रियेच्या बरोबरीचे स्थान मिळावे, ही मागणी अस्थिरोगतज्ज्ञांच्या आणि फिजिओथेरपिस्टांच्या संघटनांनी मिळून करावयास हवी. रुग्णाचा आवाज तेथवर पोचत नाही.

तोवर घरच्यांनी एवढे करावे. गुडघा अडकलेला नाही, इतर बंध शाबूत आहेत, आणि गादीला तातडीचे टाके नकोत, या तीन गोष्टींची डॉक्टरांकडून स्वच्छ शब्दांत खात्री करून घ्यावी. ती मिळाली की शस्त्रक्रियेची तारीख तहकूब ठेवावी आणि ज्याच्यापाशी वजने, सायकल आणि वेळ आहे असा फिजिओथेरपिस्ट गाठावा. एका साध्या वहीत तारीखवार दोन नोंदी ठेवाव्या : गुडघा कोणत्या हालचालीत सटकला, आणि दोन्ही मांड्यांचे माप काय आले. तीन महिन्यांनी हीच वही घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जावे. त्या दिवशी शस्त्रक्रिया करण्याचे ठरले तरी हे तीन महिने वाया जात नाहीत. सरळ होणारा गुडघा आणि भरलेली मांडी घेऊन जो टेबलावर जातो, त्याची पुढची वाटचाल सुजलेला गुडघा घेऊन जाणाऱ्यापेक्षा सोपी असते, आणि हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर स्वतःच मान्य करतात.